मीठ, वीज आणि पोहण्याचा हौद

अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतील शहरांच्या उपनगरांत घरामागच्या परसांत एक वाटोळा हौद पुष्कळदां दृष्टीस पडतो. तो जमिनींत खणलेला नसतो. जमिनीवर पोलादी पत्र्याचें कडें उभें करून त्याच्या आंत प्लॅस्टिकचें अस्तर घातलेलें असतें, आणि छातीइतक्या पाण्यांत घरचीं मुलें डुंबत असतात. उन्हाळ्याच्या आरंभीं घरधनी मिठाच्या गोणी फोडून त्या पाण्यांत ओततो. हौदाशेजारीं, पाणी गाळून परत आणणाऱ्या नळाच्या वाटेवर, हातभर लांबीची एक पेटी बसविलेली असते. तिच्यांतील धातूच्या पत्र्यांमधून वीज खेळते आणि खाऱ्या पाण्यांतून क्लोरिन तयार होतो. तो जंतु मारतो, आपलें काम झालें कीं पुन्हां मिठाच्या रूपानें पाण्यांत मिसळतो, आणि पुन्हां त्या पेटींतून फिरून येतो. पाण्यांत खेळणाऱ्या मुलांना ह्या उलाढालीची वार्ताही नसते.

ही पेटी पाहून हा अलीकडचा एक चैनीचा शोध असावा असें कोणालाही वाटेल. वस्तुतः तिच्यामागची कल्पना दोनशें वर्षांहून जुनी आहे. ती बरोबर होती, तिला लागणारें मीठ मुबलक होतें, आणि वीजही पुढें स्वस्त झाली. तरीसुद्धां ती घरोघर पोंचावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. त्या अवधींत दूषित पाण्यानें पटकी आणि विषमज्वर ह्यांच्या रूपानें लाखों माणसें नेलीं. हा विलंब कां लागला ह्याचें उत्तर मोठ्या सिद्धांतांत नाहीं, एका लहानशा पत्र्याच्या इतिहासांत आहे.

१७७४ सालीं स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शीले ह्या औषधें बनविणाऱ्या तरुणानें मँगनीजचें खनिज आणि मिठाचें आम्ल एकत्र तापविलें, तेव्हां हिरवट पिंवळ्या रंगाचा, घशाला झोंबणारा एक वायु बाहेर पडला. हा वायु फुलापानांचा रंग उडवितो हेंही त्यानें पाहिलें. १७८५ मध्यें फ्रान्समधील बर्थोले ह्या रसायनशास्त्रज्ञानें त्याच गुणाचा उपयोग कापड शुभ्र करण्याकडे केला, आणि पॅरिसजवळच्या झावेल गांवीं तयार होणारें विरंजक द्रावण ‘झावेलचें पाणी’ म्हणून विकलें जाऊं लागलें. १७९९ मध्यें ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनें चुन्यांत हा वायु जिरवून त्याची कोरडी भुकटी करण्याचें पेटंट घेतलें. पावसाळ्यांत आपल्याकडील विहिरींत टाकली जाते ती ब्लीचिंग पावडर ती हीच. हा वायु संयुग नसून मूलद्रव्य आहे असें हम्फ्री डेव्ही ह्यांनीं १८१० मध्यें ठरविलें, आणि त्याच्या फिकट हिरव्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधारें ‘क्लोरिन’ हें नांव त्याला दिलें. सारांश, जन्मानंतर कित्येक वर्षें क्लोरिन हा धोब्याच्या चाकरींत होता.

तेथून तो वैद्याच्या हाताखालीं आला तो दुर्गंधीच्या निमित्तानें. १८२० च्या सुमारास पॅरिसमधील लाबाराक ह्या औषधविक्रेत्यानें जनावरांच्या आंतड्यांचे धागे काढणाऱ्या कारखान्यांतील असह्य घाण क्लोरिनच्या द्रावणानें घालवून दाखविली. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ झेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टरनें ह्याच गुणाचा फार मोलाचा उपयोग केला. शवविच्छेदनाच्या खोलींतून निघून थेट बाळंतिणींना तपासावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतलेच पाहिजेत असा नियम त्यानें घातला. त्या वर्षीं एप्रिलमध्यें त्याच्या विभागांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें. जंतूंचें ज्ञान त्या वेळीं कोणालाच नव्हतें. हातांवरील प्रेतांचा वास जातो, तेव्हां त्याबरोबर घातक अंशही जात असावा, एवढेंच झेमेलवाइसचें अनुमान होतें. त्याच्या सहकाऱ्यांना तें पटलें नाहीं. १८६५ मध्यें एका वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. ज्या द्रव्यानें बाळंतिणी वांचल्या त्याचें मोल जगाला कळावयास आणखी एक पिढी जावी लागली.

आतांपर्यंत सांगितलेला क्लोरिन आम्लें तापवून काढलेला होता. विजेचा मार्ग मात्र ह्याच्या किती तरी अगोदर मोकळा झाला होता. १८०० सालीं इटलीच्या व्होल्टानें विद्युत्घटांची चळत रचून अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें वुलिच येथील विल्यम क्रुकशँक ह्यानें तो प्रवाह मिठाच्या पाण्यांतून सोडला. एका तारेपाशीं क्लोरिनचा उग्र दर्प आला, दुसरीपाशीं हायड्रोजनचे बुडबुडे उठले आणि पाणी क्षारधर्मी झालें. परसांतल्या हौदाच्या पेटींत आज जें घडतें तें सारें क्रुकशँकच्या भांड्यांत घडलें होतें. वायु आणि क्षार एकमेकांत मिसळूं दिले म्हणजे झावेलच्या पाण्याचेंच एक रूप हातीं येतें. पुढें १८३३-३४ मध्यें मायकेल फॅरडे ह्यांनीं किती विजेनें किती पदार्थ सुटतो ह्याचा नियमच बसवून दिला. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर फार तर १.३ ग्रॅम क्लोरिन मिळतो, हा हिशेब त्या नियमावरून निघतो. १८५१ मध्यें चार्ल्स वॉट ह्या इंग्रजानें मिठाच्या पाण्यापासून विजेनें क्लोरिन आणि विरंजक द्रावण काढण्याचें पेटंटही घेतलें. तथापि बॅटरीची वीज फार महाग होती. १८६७ नंतर डायनामो आले, वीज स्वस्त होऊं लागली, आणि आतां मार्ग निष्कंटक झाला असें वाटूं लागलें.

खरी अडचण तेव्हां पुढें आली. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ठेवलेलें ताक कळकतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. ताकांतील आम्ल भांड्याला खातें आणि भांडें ताकाला बिघडवितें. क्लोरिनची गोष्ट तशीच, पण शतपट तीव्र. तो ज्या पत्र्यापाशीं जन्माला येतो त्यालाच प्रथम चावतो. ह्या पत्र्याला धनाग्र म्हणतात. तेथें लोखंड, तांबें किंवा जस्त लावावें तर धातु विरघळून पाण्यांत जाते. कोळशाच्या कांड्या लावाव्या तर त्या झिजून काळा गाळ होतो. टिकतें तें प्लॅटिनम. परंतु त्याची किंमत ऐकून नगरपालिकांचे खजिनदार घाबरत.

प्लॅटिनम घेऊन पुढें झालेल्यांत यूजेन एर्मित हा फ्रेंच रसायनज्ञ अग्रगण्य होता. समुद्राचेंच पाणी विजेनें भारून तें सबंध गांवच्या गटारांतून खेळवावें अशी त्याची भव्य कल्पना होती. फ्रान्समधील ल हाव्र बंदरांत आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग गांवीं त्याचे प्रयोग झाले. वर्दिंगला त्याची गरजही होती. १८९३ सालीं पिण्याच्या पाण्यांतून तेथें विषमज्वराची सांथ पसरली आणि जवळजवळ दोनशें माणसें दगावलीं. हवा पालटण्यास येणाऱ्या पाहुण्यांवर जगणारा तो गांव. एका उन्हाळ्यांत तो ओस पडला. पुढच्या वर्षीं एर्मितचीं यंत्रें तेथें चालविलीं गेलीं व वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांची पुष्कळ चर्चा झाली. परंतु मैल्यावर क्लोरिन ओतणें म्हणजे वाळवंटांत घागर रिती करणें होय. क्लोरिन जंतूंना शोधीत बसत नाहीं. वाटेंत जी घाण भेटेल तिच्यांत तो आधीं खर्ची पडतो. त्यामुळें वास कमी झाला तरी मैल्याच्या गोळ्याच्या पोटांतील जंतु सुरक्षित राहत, आणि खर्च मात्र चढत जाई. अमेरिकेंतही १८९३ मध्यें न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठ्याच्या रक्षणासाठीं ब्रूस्टर गांवच्या सांडपाण्यावर मिठाचें विद्युत्संस्कारित पाणी वापरण्यांत आलें. अशा योजना मूळ धरून राहिल्या नाहींत. त्यांतून एक धडा मात्र मिळाला: क्लोरिन घाण पाण्याला स्वच्छ करीत नाहीं, स्वच्छ केलेल्या पाण्याची तो राखण करतो.

हा धडा घेऊन पिण्याच्या पाण्याचें काम पुढें गेलें तें विजेवांचून. १८९७ मध्यें मेडस्टन येथें विषमज्वराची सांथ आली असतां सिम्स वुडहेड ह्यांनीं गांवच्या नळांतून ब्लीचिंग पावडरचें पाणी सोडलें. १९०५ मध्यें लिंकन शहरांत अलेक्झांडर ह्यूस्टन ह्यांनीं पुरवठ्याच्या पाण्यांत सतत क्लोरिन घालण्यास आरंभ केला. १९०८ मध्यें अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यावर डॉ. जॉन लील ह्यांनीं तीच योजना मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली. हें प्रकरण कोर्टांत गेलें, आणि शेवटीं न्यायालयानें लील ह्यांची कृति मान्य केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कित्येक शहरांतून विषमज्वर हटूं लागला.

पोहण्याच्या तलावांची स्थिति त्या काळीं विलक्षण होती. इंग्लंडमधील सार्वजनिक स्नानगृहांत तलाव भरला म्हणजे तेंच पाणी कित्येक दिवस ठेवीत. पहिल्या दिवशीं पाणी निर्मळ असे आणि प्रवेशाचा दरही चढा असे. जसजसें तें गढूळ होई तसतसा दर उतरे, आणि शेवटचे, तळ न दिसणारे दिवस गरिबांच्या मुलांच्या वाट्याला येत. पाणी बदलावयाचें तर तें विकत घ्यावें लागे आणि तापवावेंही लागे. लंडनच्या पूर्व भागांतील पॉपलर ही गोदीकामगारांची गरीब वस्ती. तेथील आरोग्याधिकारी डॉ. अलेक्झांडर ह्यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नगरसभेच्या खर्चानें मिठाच्या पाण्यापासून विजेनें जंतुनाशक द्राव काढण्याचें यंत्र बसविलें. तो द्राव ते वस्तींतील घरांना देत, आणि पुढें स्नानगृहाच्या तलावांतही घालूं लागले. मिठाच्या पाण्यांतून विजेनें काढलेलें औषध पोहण्याच्या पाण्यांत पडण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. आणि तो श्रीमंतांच्या बागेंत झाला नाहीं, गोदीकामगारांच्या मुलांसाठीं झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावांतही क्लोरिन घालण्यांत आला. परंतु तेथें वापरली ती पावडर. वीज मागें राहिली, कारण पत्र्याचा प्रश्न जेथल्या तेथें होता.

१९१५ सालानें क्लोरिनचीं दोन रूपें जगापुढें ठेविलीं. २२ एप्रिल रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें साडेपांच हजारांहून अधिक नळकांड्यांतून क्लोरिन वाऱ्यावर सोडला. तो जड वायु जमिनीलगत सरपटत समोरच्या खंदकांत उतरला आणि त्यांतील शिपाई गुदमरून पडले. चार दिवसांनीं लाहोर डिव्हिजनच्या हिंदी शिपायांनाही त्या विषाला तोंड द्यावें लागलें. त्या दिवशींच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त ह्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षीं हेन्री डेकिन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सडणाऱ्या जखमांवर औषध शोधीत होता. दोनशेंहून अधिक द्रव्यें तपासून त्यानें सोडियम हायपोक्लोराइटचें, म्हणजे झावेलच्या पाण्याच्या जातीचें, शेंकडा अर्ध्या प्रमाणाचें सौम्य द्रावण सिद्ध केलें, आणि शस्त्रवैद्य आलेक्सी कारेल ह्यांनीं जखमा त्यानें वारंवार धुण्याची पद्धति बसविली. पुढें गॅलिपोलीच्या मोहिमेंतील जखमींसाठीं ‘अ‍ॅक्विटानिया’ हें प्रचंड जहाज इस्पितळ म्हणून निघालें, तेव्हां डेकिननें त्यावर एक यंत्र बसविलें. समुद्राचें पाणी आंत घ्यावें, जहाजाची वीज त्यांतून सोडावी, आणि निघालेल्या द्रावानें जहाज निर्जंतुक ठेवावें. मीठ भोंवतीं क्षितिजापर्यंत पसरलेलें होतें आणि वीज जहाजाच्या पोटांत होती. एका रणांगणावर जो वायु नळकांड्यांत कोंडून माणसें मारण्यास नेला, तोच ह्या जहाजावर लागेल तेव्हां, लागेल तितकाच उत्पन्न होऊन माणसें वांचवीत होता. जागच्या जागीं क्लोरिन करण्यांतला खरा लाभ येथें स्पष्ट झाला: जें सांठवावें लागत नाहीं आणि वाहून न्यावें लागत नाहीं, तें फुटत नाहीं आणि गळतही नाहीं.

युद्धानंतर मोठ्या तलावांवर मात्र नळकांड्यांतला वायुच चालू राहिला, कारण कारखान्यांत तो स्वस्त पडे. नळकांडें गळलें तर काय होतें हें ईप्रनें दाखविलेंच होतें. म्हणून त्याला शिकलेला माणूस आणि वेगळी खोली लागे. घरच्या हौदाला ह्यांतलें कांहीं परवडणारें नव्हतें.

शेवटीं कोडें सुटलें तें एका नव्या धातूमुळें. टिटॅनियम ही धातु पृथ्वीच्या पोटांत विपुल आहे. परंतु ती शुद्ध रूपांत व्यापारी प्रमाणावर काढण्याची रीत लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलमुळें १९४० नंतरच्या काळांत रूढ झाली. टिटॅनियमच्या पृष्ठावर आपोआप एक पातळ साय धरते आणि तिच्यामुळें क्लोरिन तिला खाऊं शकत नाहीं; पण तीच साय विजेलाही अडविते. १९५० नंतर तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ मुलामा देऊं लागले. १९६५ मध्यें हेन्री बेर ह्या डच संशोधकानें टिटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम धातूच्या ऑक्साइडचा लेप भाजून बसविण्याच्या कृतीचें पेटंट मागितलें, आणि मिलानच्या डी नोरा ह्यांच्या कारखान्यानें ती व्यवहारांत आणली. हा लेप वीज वाहून नेतो, क्लोरिन सोडतो आणि स्वतः वर्षानुवर्षें टिकतो. कोळशाच्या कांडीनें जें साधलें नाहीं तें ह्या केंसाहून पातळ लेपानें साधलें. क्रुकशँकच्या भांड्याला कल्हई मिळाली ती अशी एकशें पासष्ट वर्षांनंतर.

ह्यानंतर यंत्र आटोपशीर होऊन घरच्या हौदाशेजारीं आलें. ऑस्ट्रेलियांत तें विशेष लोकप्रिय झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत प्लॅस्टिकच्या अस्तराचे जमिनीवरील हौद पसरूं लागले होते. बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबालाही ते परवडत, आणि पुढें त्यांनाही हें यंत्र लागलें.

त्याचा हिशेब असा. २४ फूट व्यासाच्या हौदांत ४ फूट पाणी भरलें तर तें सुमारें ५०,००० लिटर होतें. लिटरला ३ ग्रॅम ह्या मानानें त्यांत १५० किलो मीठ घालावें लागतें. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे हौदाचें पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी खारट, डोळ्यांतील आसवांपेक्षांही सौम्य असतें. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिन पुरतो असें धरलें तर सबंध हौदांत एका वेळीं केवळ १०० ग्रॅम क्लोरिन कामावर असतो. बाकीचें मीठ आपल्या पाळीची वाट पाहत असतें. पाणी आटलें तरी मीठ जात नाहीं. उडालेल्या, गळलेल्या किंवा उपसलेल्या पाण्याबरोबरच तें जातें. म्हणून एकदां घातलेलें मीठ दीर्घकाळ पुरतें. मिठाच्या हौदांत क्लोरिन नसतो अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. क्लोरिन असतोच, फक्त तो बाजारांतून आणलेला नसतो.

ह्या यंत्राला निगा लागते. कडक उन्हांत क्लोरिन लवकर नाहींसा होतो, म्हणून पाण्यांत थोडें सायन्यूरिक आम्ल घालून त्याचें रक्षण करावें लागतें. पाण्याचा क्षारधर्म हळूहळू वाढतो, तो बेतानें आम्ल घालून उतरवावा लागतो. ऋणाग्रावर चुन्याचें कीट बसतें. तें सुटावें म्हणून कांहीं तासांनीं प्रवाहाची दिशा उलटविण्याची सोय नव्या यंत्रांत असते. हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायु पेटींत सांचूं नये म्हणून पाण्याचा ओघ थांबतांच वीज आपोआप बंद झाली पाहिजे. पाणी फार थंड असलें तर यंत्राचें काम मंदावतें.

परंतु सर्वांत मोठी काळजी हौदाच्या पोलादी कड्याची असते, आणि येथें जुनें वैर पुन्हां भेटतें. पेटींतल्या पत्र्याला कल्हई मिळाली. कड्याला ती नाहीं. अस्तराला टांचणीएवढें भोंक पडलें किंवा नळाच्या सांध्यांतून थेंब थेंब पाणी झिरपलें, कीं तें पत्र्याच्या आंतील अंगानें खालच्या खोबणींत उतरतें. पाणी वाळतें, मीठ राहतें. दुसऱ्या दिवशीं आणखी थोडें. जस्ताचा मुलामा खाऊन तें पोलादाला भिडतें, आणि बाहेरून रंग चकचकीत असतांना आंतून पत्रा पोखरतो. ५०,००० लिटर पाण्याचा भार ५० टनांचा असतो. तो भार झेलणारें कडें एके ठिकाणीं फाटलें तर जवळ खेळणाऱ्या मुलाची धडगत नाहीं. म्हणून जाणते लोक राळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या खांबांचे हौद पसंत करतात, सांध्यांतील गळती दिसतांच थांबवितात, वर उडालेलें पाणी गोड्या पाण्यानें धुऊन काढतात, आणि धातूचे सर्व भाग एका तारेनें जोडून त्या जोडणीला जस्ताचा एक तुकडा लावतात. पोलादाऐवजीं तो तुकडा झिजतो, आणि झिजला कीं नवा लावतात.

पॉपलरच्या मुलांना मिळालेलें निर्मळ पाणी, अ‍ॅक्विटानियावरचें औषध आणि परसांतला हा हौद ह्यांच्या मागें एकच कृति आहे. ती ज्यांनीं शोधून काढली त्यांचीं नांवें पुस्तकांत आहेत; पण तिला टिकाऊ केलें तें पत्र्याची चिंता वाहणाऱ्यांनीं. पेटींतल्या पत्र्याची चिंता बेरनें मिटविली. कड्याच्या पत्र्याची चिंता ज्याच्या घरीं हौद आहे त्यानेंच वाहावयाची आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं मिठाची गोणी फोडण्यापूर्वीं त्यानें खालीं वाकून कड्याच्या तळाची खोबण एकदां बोटानें चाचपून पाहावी. बोटाला तांबूस गंज लागला, तर त्या वर्षीं मीठ राहूं द्यावें आणि आधीं पत्रा बदलावा.